मुद्दाम चुकणारी अक्का

धुळ्याच्या देवपूरहून अक्काच्या भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवला. ‘काका, श्रद्धांजलीचा फ्लेक्स तुमच्याकडेच करायचा. पिंप्राळ्याच्या चौकात लावू.’ खाली अक्काचा फोटो, आणि फोटोखाली ओळ: ‘प्रेमळ, मायाळू, क्षमाशील यमुनाअक्का.’

‘प्रेमळ’पर्यंत मी बरा होतो. ‘मायाळू’पाशी अडखळलो. ‘क्षमाशील’ वाचल्यावर खुर्चीतून उठलो, दुकानाबाहेर आलो आणि शेजारच्या, अक्काच्या नानकटाईच्या भट्टीच्या बंद शटरकडे बघून खदाखदा हसलो. रस्त्याने जाणाऱ्या दोन बायकांना वाटलं, झेरॉक्सवाल्याला दुःख सहन झालेलं नाही.

मी भाच्याला फोन केला. “अरे बाबा, ते क्षमाशील कुणी सांगितलं तुला?”

“नेटवरून घेतलं काका. सगळे तेच लिहितात.”

छापून दिलं. गेलेल्या माणसाबद्दल खोटं छापणं हा आमच्या धंद्याचाच भाग आहे. पण तेव्हापासून माझं मन मला खातंय. यमुनाअक्काने हयातीत कुणाला म्हणजे कुणालाही क्षमा केली नाही. एवढी निगुतीने, एवढी वर्षानुवर्षं खुन्नस जपणारं माणूस मी जळगाव जिल्ह्यात पाहिलेलं नाही, धुळे जिल्हा मिळवला तरी नाही. त्या एका शब्दाचं खंडन करावं, म्हणून हे लिहायला बसलो.

अक्का उंच, काटकुळी. खांद्यावर पंचा, पदर कमरेला खोचलेला. भुवया भट्टीच्या झळेने कधीच्या जळून गेल्या होत्या, त्यामुळे तिचा चेहरा कायम ‘अस्सं का?’ असा दिसायचा. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटे, बाई किती भोळी! तिथेच तो फसायचा.

नवरा वारल्यावर तिचा दीर तेराव्यालाच म्हणाला होता, “वहिनी, भट्टी पेटवणं बाईमाणसाचं काम नाही. विकून टाका.” अक्का वाद घालायला गेली नाही. तिने भट्टी चालवली, आणि दर दिवाळीला दिराला लाल रिबीन बांधून एक डबा पाठवू लागली. डब्यात त्या वर्षीच्या करपलेल्या नानकटाया. एकोणीस वर्षं! मी एकदा म्हटलं, “अक्का, त्यांना वाटत असेल, हिला अजून भाजायला जमत नाही.”

“तेच ना, झेरॉक्सभाऊ,” अक्का डब्याला गाठ मारत म्हणाली. “वाटू दे त्याले. बठ्ठं गाव चांगलं खास, आनि तो एकलाच जयेल खास.” म्हणजे सगळं गाव चांगलं खातं, तो एकटाच जळलेलं.

जळलेल्या प्रत्येक बिस्किटाला ती माणसाचं नाव द्यायची. पत्रा भट्टीतून बाहेर आला की कोपऱ्यातलं काळं पडलेलं उचलायची आणि म्हणायची, “हाऊ मन्हा दीर. हाई नगरपालिकानी पावतीवाली. हाऊ गॅसवाला.” मग कडकन मोडायची; एक मात्र रोज नाव न घेताच. त्या आवाजाने तिला जे समाधान मिळे, ते मला दुकानात बसूनही जाणवायचं.

तिचं बोलणं असं अहिराणी. शुद्ध मराठी तिला उत्तम येत होती, पण ती तिने राखून ठेवली होती शत्रूंसाठी. अक्का ‘शे’ म्हणते तोवर सगळं ठीक. ती ‘आहे’ म्हणाली, की समोरच्याने आपलं सामान आवरावं. चुकीचं वीजबिल आणणाऱ्या माणसाला ती एकदा म्हणाली, “बसा, चहा ठेवला आहे.” तो बसला. मी मात्र माझ्या दुकानाचं दार लोटून घेतलं.

त्याचं मूळ तिच्या लहानपणात होतं. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव सोडून आईबापांनी तिला देवपूरला मामाकडे शिकायला ठेवलं. दुसरीत होती. बाईंनी विचारलं, फळ्यावर काय आहे? ती उभी राहून म्हणाली, “चित्र शे.” वर्ग हसला. बाईही हसल्या. मग बाईंनी तिला एकेका वर्गात पाठवलं. प्रत्येक वर्गाच्या दारात उभं राहून दहा वेळा ‘आहे’ म्हणायचं. सात वर्ग होते. सातव्या वर्गाच्या दारात तिचा आवाजच बंद झाला. पुढे वर्षभर त्या शाळेत तिने तोंड उघडलं नाही. शाळेत तिचं नाव पडलं ‘शे-शे’.

“त्या बाईंचं नाव काय होतं अक्का?” मी विचारलं.

“माले बठ्ठं ध्यानमा शे,” ती म्हणाली आणि पत्र्यावरचं एक करपलेलं उचलून मोडलं. त्या दिवशी मला कळलं, रोज मोडली जाणारी, जिचं नाव ती कधीच सांगत नसे, ती कोण.

हे सगळं सांगितल्याशिवाय पोरांची गोष्ट कळणार नाही.

आजूबाजूच्या वस्तीत उशिरा बोलणारं, अडखळणारं, तोंड मिटून बसणारं मूल असलं, की त्याची आई अक्काकडे यायची. कुणी तिला शिकवलं नव्हतं. तिची पद्धत तिची स्वतःची होती आणि ती पाहताना हसू आवरायचं नाही. पोराला ती केळीच्या उलट्या क्रेटवर उभं करायची, हातात पिठाचा गोळा द्यायची आणि आईला बजावायची, “त्याले ‘बोल, बोल’ म्हनानं नही. बोल म्हटं की पोर कुलूप लावस.” मग ती चुकायला लागायची. मुद्दाम. तूप न घालता पीठ मळायला बसायची. वेलदोड्याच्या जागी शेंगदाणे ठेचायची. पोराने पाणी मागायला हात पुढे केला तर त्या हातात झाडू द्यायची. आणि थांबायची. हे थांबणं मोठं नाटकी असे. जळालेल्या भुवयांचा तो भोळा चेहरा, हात हवेत, डोळे पोरावर. दहा, पंधरा, वीस मोजेपर्यंत एक अक्षर नाही.

“माणूस मायेनं बोलस का नही ते माले माहीत नही,” ती मला म्हणाली होती. “पन दुसराना चुका दिसन्यात की बोलाशिवाय ऱ्हास नही. तुन्हा गिऱ्हाइकं दख!”

माझ्या गिऱ्हाइकांबद्दल तिचं म्हणणं खरं होतं.

मध्ये मळताना, थापताना, पत्रा आत सरकवताना ती तोंडाने चालू असे. ‘मळ, मळ, मळ. आते थाप. गरम शे! फुगी ऱ्हायनं, फुगी ऱ्हायनं.’ फुगी ऱ्हायनं म्हणजे फुगतंय. तेच शब्द, त्याच क्रमाने, दर पत्र्याला. भट्टीवर पोरं नुसती बोलायला शिकत नसत, तक्रार करायला शिकत. अक्काच्या मते दोन्ही एकच होतं.

तर एके दिवशी फेब्रुवारीत कविता माझ्या दुकानात आली. चोपड्याकडची, घरची केळीची शेती. पोरीच्या शाळेसाठी पिंप्राळ्यात खोली घेऊन राहिलेली. कडेवर चार वर्षांची तन्वी. कविताने एक फॉर्म काउंटरवर ठेवला आणि हळूच विचारलं, “भाऊ, हाई लाल शाई झेरॉक्समा उमटनार नही ना?”

आमच्या भागातल्या एका नव्या चकचकीत शाळेचा तो फॉर्म होता. मुलाखतीत मोठ्या मॅडमनी तन्वीपुढे सफरचंदाचं चित्र धरलं. इंग्रजीत विचारलं, मराठीत विचारलं. तन्वी गप्प. कविता घाबरून तिला म्हणाली, “तनू, सांग ना, काय शे?” मॅडमनी पेन खाली ठेवलं. “घरी हे असलं बोलता? म्हणूनच मुलगी मुकी राहिली.” आणि फॉर्मवर लाल शाईने लिहिलं: ‘मुलगी बोलत नाही. घरची भाषा अशुद्ध. प्रवेश नाही.’ त्याच फॉर्मच्या प्रती काढून कविताला दुसऱ्या शाळांत जायचं होतं.

“उमटते, ताई,” मी म्हटलं. “लाल काळी होऊन उमटते.”

अक्का नेमकी चहाचा कप परत द्यायला आली होती. तिने फॉर्म उचलला, डोळ्यांजवळ नेला, पूर्ण वाचला. मग कविताकडे नाही, तन्वीकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, “अक्षर फार सुंदर आहे.”

माझ्या अंगावर काटा आला. ‘आहे’ म्हणाली होती!

आणि मग मला पत्ता लागला की या सुंदर अक्षराच्या मॅडमना ती ओळखत होती. दर दिवाळीला त्या रवा, मैदा, घरचं तूप, पिठीसाखर असं सगळं सामान डब्यांत भरून अक्काच्या भट्टीवर आणत आणि नानकटाई भाजून नेत. आमच्याकडे निम्मं गाव असंच करतं.

“पयले पोरना कान तपासी ये,” अक्का कविताला म्हणाली. “मंग भट्टीवर आन. दिवाळीले नऊ महिने शेतस.”

“दिवाळीला काय आहे?” मी विचारलं. अक्काने कप काउंटरवर ठेवला आणि भट्टीकडे वळली.

कान उत्तम निघाले. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, मुलीला सगळं समजतं, घरात जी भाषा बोलता तीच भरपूर बोला, दर महिन्याला दाखवत जा. कविता हे सांगताना रडली, कारण अहिराणी बोलून आपणच पोरीला मुकं केलं, असं समजून ती पंधरा दिवस घरात गप्प राहिली होती. म्हणजे आता एकाऐवजी दोन मुक्या! अक्काने हे ऐकलं आणि त्या दिवशी तीन नानकटाया मोडल्या. एकही जळलेली नव्हती.

तन्वी क्रेटवर उभी राहिली. पहिला महिना काही नाही. अक्काने शेंगदाणे ठेचले, झाडू दिला, मैद्यात चहापावडर टाकली. तन्वी नुसती बघायची. मग अक्काने भारी डाव टाकला. तन्वीने आपल्या हाताने थापलेल्या चार नानकटाया बाजूला ठेवल्या आणि रिकामाच पत्रा भट्टीत सरकवून दार लावलं. वर तोंड करून म्हणाली, “फुगी ऱ्हायनं!” तन्वीने तिचा पदर ओढला, बोटाने दाखवलं. अक्का म्हणे, मला दिसतच नाही. तन्वी पाय आपटू लागली. अक्काने रिकामा पत्रा बाहेर काढला, फुंकर मारली आणि मला हाक मारली, “झेरॉक्सभाऊ, नानकटाई खावाले या!” मी गेलो. रिकाम्या पत्र्यावरून हवा उचलून खाल्ली. वा वा केलं. या वयात मी एवढा चांगला अभिनय करीन असं मला वाटलं नव्हतं.

तीन दिवस आम्ही हवा खाल्ली. चौथ्या दिवशी अक्काने रिकामा पत्रा उचलला आणि क्रेटवरून आवाज आला, “नही!”

एवढाच शब्द. पण काय शब्द! कविता दारात होती, तिने तोंडावर हात घेतला. अक्का मात्र पत्रा घेऊन नाचायचीच बाकी राहिली. “पयला शब्द ‘नही’! ऐकं का, झेरॉक्सभाऊ? आते हिले कोनी दाबू शकस नही!”

मग एकेक येत गेले. ‘दे.’ ‘अजून.’ ‘मळ.’ गणपती येईपर्यंत दोन-दोन जोडून येऊ लागले, ‘गरम शे’, ‘तूप दे’. पण वाक्य नाही. कविताचा जीव टांगणीला लागलेला. फॉर्म पुन्हा भरायचे दिवस जवळ येत होते आणि प्रत्येक शाळेत तेच चित्र, तोच प्रश्न असणार होता. अक्का म्हणे, घाई नको. पण तिची स्वतःची घाई मला दिसत होती, आणि ती शाळेची नव्हती.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी भट्टीवर मिक्सरचा आवाज आला. अक्का मीठ दळत होती. इतकं बारीक, की बोटावर घेतलं तर पिठीसाखरच वाटावी. ते तिने स्टीलच्या डब्यात भरलं.

“आज मॅडम येनार शे,” ती म्हणाली.

सगळं माझ्या डोक्यात एकदम लखलखलं. मॅडमच्या घरी दिवाळीला शाळेची सगळी कमिटी फराळाला येते. “अक्का, अहो दिवाळी आहे!”

“म्हनीसनच,” अक्का म्हणाली.

खरं सांगतो, मी तिला अडवलं नाही. मी खुर्ची उचलून भट्टीच्या दाराजवळ नेली.

मॅडम आल्या. कविता कोपऱ्यात डबे पुसत होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. भट्टीवर गिऱ्हाईक बाया आपल्या तुपावर डोळा ठेवून उभ्या असतात, पण मॅडम मोबाईलवर बोलत होत्या. अक्काने तूप परातीत घेतलं, फेटलं, पांढरं केलं. “साखर घेत आहे हं मॅडम,” ती गोड आवाजात म्हणाली आणि मिठाचा डबा उचलला. डब्यातलं बोटाने चाखून बघणं हे तन्वीचं रोजचं काम. तिने बोट घातलं, जिभेला लावलं आणि तिचे डोळे विस्फारले. तिने अक्काकडे पाहिलं.

अक्काने ओठांवर बोट ठेवलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा ती त्या पोरीला गप्प बस म्हणत होती.

“अक्का!” तन्वी क्रेटवरून ओरडली. “साखर नही! मीठ शे! मीठ टाकी ऱ्हायनी तू!”

नऊ शब्द. मी मोजले.

कविताच्या हातातला डबा खाली पडून गडगडत गेला. अक्का परातीपुढे तशीच उभी. मी तिचा चेहरा पाहिला आहे, म्हणून सांगू शकतो. अर्ध्या चेहऱ्यावर सूड बुडाल्याचा संताप होता, आणि उरलेला अर्धा असा फुलला होता, जसा तो ना आधी कधी मी पाहिला, ना नंतर.

मॅडमनी मोबाईल खाली केला. “काय? मीठ? माझ्या तुपात?”

“चूक होत होती, मॅडम,” अक्का म्हणाली. “डबे सारखे दिसत आहेत. या मुलीने सांगितलं म्हणून तुमची दिवाळी वाचली आहे. ती काय म्हणाली, ते कळलं ना तुम्हाला?”

“कळलं की. मीठ आहे म्हणाली.”

“ती ‘शे’ म्हणाली. तुम्ही ‘आहे’ ऐकलंत. काही अडलं का?”

मॅडमना काही उमजेना. मग त्यांची नजर डबा उचलणाऱ्या कवितावर गेली, तिथून तन्वीवर, आणि त्यांना फेब्रुवारी आठवला. चेहऱ्याचा रंग उतरला. सावरून म्हणाल्या, “अरे वा. बोलायला लागली की. पुढच्या वर्षी आणा, बघू आपण.”

कविता मान खाली घालून वावरणारी बाई. त्या दिवशी तिने मान वर केली. “नको, मॅडम. तुमन्या शाळामा कोनी चुकतंच नही. तठे ती काय बोलीन?”

मॅडम गोड नानकटाई घेऊन गेल्या. मला वाटलं अक्का खूश असेल. ती दोन दिवस फुरंगटून बसली. कविताचं एक वाक्य तिच्या मिठाहून झणझणीत होतं, हे तिला पटत होतं. पण नऊ महिने जपलेला बेत पोरीने असा एका बोटाने उधळावा? मॅडम गेल्या त्याच संध्याकाळी पहिल्या जळलेल्या नानकटाईला तिने नाव दिलं, “हाई तनू.” ती मात्र तिने मोडली नाही, दिराच्या डब्यातही घातली नाही. चहात बुडवून स्वतः खाल्ली.

जूनमध्ये तन्वीचं नाव नगरपालिकेच्या शाळेत घातलं. पहिल्या दिवशी कविता गावी केळीच्या कापणीला अडकलेली, म्हणून पोरीला पोचवायला अक्का निघाली आणि कागद सांभाळायला मी. त्याच दुपारी मी मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेलो. परत आलो तेव्हा अक्का गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी देवपूरला भावाकडे गेली होती, ती पिंप्राळ्यात पुन्हा आली नाही. म्हणून त्या सकाळची अक्का हीच माझी शेवटची.

नगरपालिकेची शाळा डावीकडे. अक्काने रिक्षा उजवीकडे वळवायला लावली. चकचकीत शाळेच्या गेटवर मॅडम पालकांचं स्वागत करत उभ्या होत्या, चांगली तीस-चाळीस माणसं. “थांबाड,” अक्का रिक्षावाल्याला म्हणाली. आठवडाभर पीठ मळता मळता तिने तन्वीकडून दोन वाक्यं घोटून घेतली होती, हे मला तेव्हा कळलं. मी पुढून उतरून बाजूला झालो. चांगला देखावा बघायला मोकळी जागा लागते.

तन्वी रिक्षातून अर्धी बाहेर झुकली आणि सगळ्या गेटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मॅडम, मी शाळामा जाई ऱ्हायनी! माले बठ्ठं बोलता येस!”

चाळीस माणसं वळली. मॅडम गोऱ्यामोऱ्या झाल्या. अक्काने पदर सावरला, मान ताठ केली. काय तो थाट! एका शाळेच्या सात वर्गांचं उट्टं दुसऱ्या शाळेच्या गेटवर निघालं होतं. तिने रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. चला.

पण तन्वीचं संपलं नव्हतं.

“आनि मॅडम,” ती म्हणाली, “दिवाळीले अक्का तुमन्या नानकटाईमा मुद्दाम मीठ टाकी ऱ्हायनी व्हती! मिक्सरमा दळीसन! झेरॉक्सकाकाले बी माहीत व्हतं!”

मी एका खांबामागे सरकलो. “चूप ऱ्हाय, माय! चूप ऱ्हाय!” अक्का ओरडली. “अरे, हाकल रे रिक्षा!” रिक्षावाला हसून हसून किक मारायला विसरला. रिक्षा हलली ती मला फुटपाथवरच सोडून. वळणापर्यंत मला अक्काची पाठ दिसत होती. एका हाताने तिने दांडी धरली होती, दुसरा तळवा तन्वीच्या तोंडावर घट्ट दाबलेला. आणि त्या पिठाळ बोटांच्या फटींतून आवाज येतच होता. वाक्यामागून वाक्य, पूर्ण वाक्यं, तपशीलवार.